नवीन काही?

संक्रांतीला आठ दिवस उरले होते आणि मी माळ्यावर फिरकी शोधत होतो. घरात आम्ही संक्रांत म्हणतो. दाराबाहेर पाऊल टाकलं की बडोद्यात तिचं उत्तरायण होतं. फिरकी काही सापडली नाही. सापडला श्रीखंडाचा रिकामा डबा. त्यात दोन बंद पडलेली मनगटी घड्याळं, किल्ली हरवलेलं एक कुलूप आणि एक पेनड्राइव्ह. पेनड्राइव्हवर चिकटपट्टी, आणि तिच्यावर माझ्याच अक्षरात 'रीडर, जून 2013'.

शिडीच्या वरच्या पायरीवर मी तसाच बसून राहिलो. खालून दोनदा हाक आली.

आवडत्या साइटींवरचं नवीन लिखाण एकाच जागी आणून दाखवणारा गूगल रीडर ज्यांनी वापरला, त्यांना हा जून आठवत असेल. 2005 च्या ऑक्टोबरात तो आला आणि 1 जुलै 2013 ला बंद झाला. मार्चमध्येच तसं जाहीर झालं होतं, आणि ज्याने त्याने आपापल्या साइटींची यादी उतरवून घ्यावी अशी सोयही होती. मी यादी घेतली, चिकटपट्टी लावली, डब्यात ठेवली. मग सगळे जिकडे गेले तिकडे मीही गेलो. तिकडे लोक होते, फोटो होते, अंगठे होते. यादीची गरज पडली नाही, कारण आपल्याला काय बघायचंय हे तिकडे परस्पर ठरत होतं.

किती परस्पर, ते परवाच कळलं. आतेभावाच्या नातवाचं बारसं झालं, त्याचे फोटो बघायला म्हणून एक ॲप उघडलं. पाऊण तासाने भानावर आलो तेव्हा कुणीतरी कलिंगडाचं कोरून बदक करत होतं. बारशाचे फोटो तिसऱ्या दिवशी समोर आले, तेही बदकांच्या आणखी दोन प्रकारांनंतर. मुलाचं नाव काय ठेवलं, ते मला शेवटी फोन करून विचारावं लागलं.

फीड म्हणजे चारा. फेसबुकने 2006 मध्ये आपल्या पानाला न्यूज फीड म्हटलं, तेव्हा हा अर्थ कुणाच्या मनात नसेल. पण गव्हाणीपुढे उभं राहिल्यावर पुढे येईल ते खायचं असतं, हे आता मला पटलं आहे.

तर त्या दुपारी पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला. तो चालला याचंच पहिलं आश्चर्य. त्या वर्षीच्या फोनचा चार्जर आज घरातल्या एकाही फोनला बसत नाही. पण ती यादी, साध्या मजकुराची एक फाइल, आजच्या एका रीडरमध्ये टाकली तर तिने जराही कुरकुर केली नाही. मुळात ही युक्तीच साधी आहे. 1999 च्या मार्चमध्ये नेटस्केप कंपनीत रामनाथन गुहा आणि डॅन लिबी यांनी ती सुरू केली. साइटने आपलं ताजं लिखाण एका फाइलीत ओळीने मांडून ठेवायचं, आणि आपल्या रीडरने ठरावीक वेळाने तिथे जाऊन नवीन काही आलंय का ते बघायचं. एवढंच. या युक्तीचं नाव आरएसएस. ही आद्याक्षरं तीच ठेवून पुढे तिचं बारसंही तीनदा झालं, पण कामकाज बदललं नाही. मधे कुणी बसलेलं नाही. कुणाला काय आवडेल याचा कुणी अंदाज बांधत नाही. लोक पॉडकास्ट ऐकतात तेही बहुतेक याच वाटेने येतात, फक्त तिचं नाव कुणी घेत नाही.

आमच्या घरी हे काम गुरुवारी व्हायचं.

दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात मासिकवाले काका यायचे. सायकलच्या हँडलला दोन खाकी पिशव्या, एकीत द्यायची मासिकं आणि दुसरीत घ्यायची. घंटी दोनदा वाजवायचे. एकदा वाजली तर दूधवाला. एका वेळी दोन मासिकं मिळायची. मुखपृष्ठावर तपकिरी कागद, त्यावर घरांचे क्रमांक, आणि ज्याचं वाचून झालं त्याच्या क्रमांकावर काट. आम्ही सात नंबर होतो. सहा नंबरच्या घरी कुणीतरी जेवताना वाचायचं. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक अंकाला आमटीचा वास यायचा. आठ नंबरवाल्यांना आमच्याविषयी काय वाटत असेल याचा विचार मला चाळीस वर्षांनी, आत्ता हे लिहिताना सुचतोय.

'चांदोबा' हा माझा आणि ताईचा. ताई शेवटच्या पानापासून सुरुवात करायची, ते मला सहन व्हायचं नाही. मी पहिल्या पानावरून, जाहिराती न गाळता, वर्गणीच्या दरांसकट वाचत जाई. हा दोष अजून आहे. रीडरमध्येसुद्धा मी सर्वांत जुनं आधी लावतो. मुलगी म्हणते, "बाबा, अशानं तू आजच्या तारखेला कधी पोचणारच नाहीस." ती म्हणते ते खरं आहे.

आजोबांचं वाचन मात्र शिस्तीचं. तरुणपणी ते नवसारी प्रांतात शाळामास्तर होते आणि त्यांच्या गावी सरकारी फिरत्या वाचनालयाची लाकडी पेटी यायची. सयाजीरावांनी 1910 मध्ये बॉर्डन नावाचे ग्रंथपाल थेट अमेरिकेहून आणवले आणि संस्थानभर वाचनालयं उभी केली. मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय त्यातलंच; त्याच्या काचेच्या जमिनीवरून चालताना मी लहानपणी बूट काढून हातात घ्यायचो. आजोबा ती पेटी उघडण्याचं वर्णन करायचे ते गौरीचे मुखवटे डब्यातून काढावेत अशा बेताने. पेटीत जे येई ते वाचायचं. आवडलं नाही तर? तर पुढची पेटी. म्हणून गुरुवारच्या मासिकांवर त्यांनी कधी तक्रार केली नाही. एकदाच काकांना म्हणाले, "हा अंक बायकांचा दिसतो." आणि विणकामाच्या टाक्यांसकट तो वाचून काढला.

ते गेले तेव्हा सहा महिन्यांची वर्गणी आगाऊ भरलेली होती. काका तेराव्यानंतरच्या गुरुवारी आले, घंटी दोनदा वाजवली आणि खालीच उभे राहिले. आजी खाली गेली, दोन मासिकं घेऊन आली आणि आजोबांच्या आरामखुर्चीत ठेवली. आजीला वाचता येत होतं, पण तिने ती उघडली नाहीत. पुढच्या गुरुवारी खुर्चीतून उचलून परत दिली, नवीन घेतली. असं वर्गणी संपेपर्यंत चाललं. आमच्या क्रमांकावर काट मात्र ती स्वतः मारायची, पेन्सिलीने, अगदी सरळ.

यादीचं सांगत होतो. 212 नावं निघाली. त्यातली 31 जिवंत. बाकीच्यांसमोर लाल त्रिकोण, किंवा दहा-बारा वर्षांपूर्वीची तारीख. ती नावं वाचताना एक अनोळखी गृहस्थ भेटत गेला. या माणसाला बोन्सायमध्ये रस होता. याला उबुंटू ही संगणकप्रणाली शिकायची होती. हा चार वेगवेगळ्या माणसांचं सायकलदुरुस्तीवरचं लिखाण वाचत होता, आणि माझ्याकडे तर सायकलच नाही. मालवणी माशांच्या पाककृती लिहिणाऱ्या एका बाई होत्या, त्यांच्या बांगड्याच्या तिखल्यावर आमचे दोन पावसाळे निघाले. त्यांचा पत्ता आता दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात आहे आणि तिथे कुठल्याशा परक्या भाषेत जुगाराचं निमंत्रण येतं. बायको मागे उभी होती. म्हणाली, "अहो, काढून टाका ना हा कचरा. मोकळं तरी होईल." बडोद्याची आहे, माझा चेहरा बघून पुढे आपोआप गुजराती "चालशे", म्हणजे चालेल, आलं.

जुगार काढला. लाल त्रिकोणही काढले, एकेक करून, उगाच प्रत्येकाचं नाव वाचत. 31 जणांचं वाचायला घेतलं तर रोज वीस मिनिटं पुरतात. आणि मग पान संपतं! खाली कोरं. पहिल्या दिवशी मी सवयीने बोट वर सरकवत राहिलो, त्या कोऱ्या जागेला दोन-तीनदा ढकलून पाहिलं. काही येईना. मग उठून गॅलरीतल्या झाडांना पाणी घातलं.

पण एक नाव आहे, ते त्रिकोणवालं नाही. पत्ता शाबूत, फाइल शाबूत, नवीन मात्र काही नाही. ग्वाल्हेरचे एक निवृत्त गृहस्थ होते, आपल्या गच्चीवर येणाऱ्या पक्ष्यांविषयी लिहायचे. आठवड्याला एक टिपण, पाच-सहा ओळींचं. त्यात अलंकार नाही, उपदेश नाही. सातभाई आले, किती आले, कुणाशी भांडले. आमची ओळख नव्हती. मी कधी त्यांना एक अक्षर लिहिलं नाही, त्यांना सात नंबरचं घर ठाऊकच नव्हतं. शेवटचं टिपण 2012 च्या मार्चमधलं आहे. नाचणाच्या जोडीने मधुमालतीत घरटं बांधायला घेतलंय, दोन-चार काड्या झाल्यात, पुढचं पुढच्या आठवड्यात.

रीडर दर तासाला तिथे जाऊन येतो. रात्रीसुद्धा. मी सेटिंग बघितलं, चोवीस तासांतून एकदाच जावं असंही करता येतं. ते केलं नाही.

संध्याकाळी गेंडी गेटला गेलो. रस्त्याच्या कडेला खांबांना ताणलेली डोर रंगवणं चालू होतं, हात गुलाबी झालेला एक पोरगा मागेपुढे धावत होता. दुकानदाराने विचारलं, फिरकी नवी हवी की जुनी भरून? जुनी हरवली म्हटलं. नवीन घेतली, 2000 वारांची. मुलगी म्हणाली, एवढी कशाला, तू दुसऱ्या पेचातच कापला जातोस.