सेलमध्ये होते

मंगळवार, 18 नोव्हेंबर 2025, रात्री पावणेअकरा

हातमोजे सेलमध्ये नव्हते. 6.99 ला होते, पुऱ्या किमतीत. ह्याने बूट काढता काढता नुसतं विचारलं, "नवीन का?" आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "हो, सेलमध्ये होते."

"छान" म्हणून तो हात धुवायला गेला. मी परातीत हात घालून तशीच उभी. खोटं का बोलले मी? सात युरोंसाठी?

त्याने आजवर एकदाही हिशेब मागितलेला नाही. मागितला असता तर भांडता तरी आलं असतं. हिंजवडीला असताना दोन-दोन कुर्त्या एकदम घ्यायचे आणि पिशव्या सरळ पलंगावर फेकायचे. इथे जर्मनीत मेथीची जुडी आणली तरी दारातच आधी किंमत सांगते, मेथी मागाहून पिशवीतून निघते. आणि किमतीला शंभराने गुणायची खोड काही जात नाही.

तसं भागतं. भाडं, हीटिंग, कीटाची (पाळणाघराची) फी, घरात टीव्ही नसूनही भरायचे ते रेडिओचे 18.36. माझा विमा त्याच्याच विम्यात, वेगळा हप्ता नाही. सोयच आहे म्हणा. पण त्या कार्डावर नाव माझं असूनही ते मला उसनं वाटतं. आई डाळीच्या डब्यात नोटा ठेवायची, आणि मी तिला काय काय ऐकवायचे... जाऊ दे.

माझ्या खात्यात महिन्याला एकच रक्कम पडते, किंडरगेल्ड, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता. तीही चिमणीची. जानेवारीत 250 चे 255 झाले तेव्हा हा म्हणाला, "घे, तुझी पगारवाढ." दोघंही हसलो. मी जरा कमी.

आज जर्मनच्या बी-वन वर्गात बाईंनी श्वाबी, म्हणजे इथल्याच भागातल्या, गृहिणीची गोष्ट सांगितली. 2008 च्या मंदीत तेव्हाच्या चान्सलर मर्केलबाई इथे श्टुटगार्टातच म्हणाल्या होत्या, श्वाबी गृहिणीला विचारायचं होतं, मिळकतीपेक्षा जास्त खर्च करून फार दिवस जगता येत नाही हे तिने सांगितलं असतं. वर्गात सगळे हसले. मला मात्र वाटलं, त्या बाईला हातमोजे कितीला पडले, आणि घरी तिने कितीला सांगितले?

बुधवार

बाल्कनीतल्या रिकाम्या बाटल्या नेऊन मशीनमध्ये टाकल्या. नऊ बाटल्या, पंचवीस सेंट अनामतीप्रमाणे 2.25. एरवी मशीनमधून निघालेली चिठ्ठी किराण्याच्या बिलातच वळती होते. आज काउंटरवर रोख मागून घेतले. नाणी मुठीत घट्ट धरून बेकरीत गेले, वर थोडी चिल्लर घातली आणि बटर ब्रेझेल घेतलं. स्टॉपवर उभी राहून एकटीने संपवलं. नव्या हातमोज्यांना मीठ लागलं ते लागलंच.

बेकरीतल्या बाईने विचारलं होतं, बॉन, म्हणजे पावती, हवा का?

"नाइन." इतकं खणखणीत जर्मन मी वर्गात कधी बोललेली नाही.