कडे चढणारा झाडावर गेला तेव्हा

नाशिकच्या गंगापूर रोडला आमच्या सोसायटीच्या आवारात एक रेन ट्री आहे, सोसायटीच्याही आधीपासूनचा. मागच्या पावसाळ्यात त्याची मनगटाएवढी वाळकी फांदी एका स्कूटरवर पडली आणि सेक्रेटरी काकांनी मला जिन्यात गाठलं. "तू ते कडे चढतोस ना रे? मग हे झाड म्हणजे तुला काय!" हरिहर किल्ल्याच्या स्कॉटिश कड्याखाली काढलेले फोटो गावभर दाखवत फिरलेला माणूस मी. "बघतो की" म्हणून मोकळा झालो. त्या "बघतो की"ला दहा महिने लागले.

सुरुवात गिरणाऱ्याला मावशीच्या मळ्यात केली. द्राक्षबागेच्या बांधावर एक जुनी चिंच आहे, त्याच ओळीत पुढे जांभूळ. तिथे चिंचा झोडायला आणि बांधावरची झाडं छाटायला एक मामा येतात. वय साठीच्या पुढं, कमरेला कोयता, खांद्यावर नाडा, पायात काही नाही. मी सॅकमधून सामान काढून ताडपत्रीवर मांडत होतो तोवर ते चिंचेवर चढून, कसलीशी फांदी छाटून खालीही आले.

पहिल्याच दिवशी माझा कड्यावरचा दोर निकामी ठरला. तो डायनॅमिक, म्हणजे पडलात तर ताणून झटका पोटात घेणारा. कड्यावर हाच त्याचा गुण. झाडावर माणूस पडत नाही, दोरालाच लटकून चढतो आणि लटकूनच काम करतो. ऐंशी किलोच्या वजनाला तो दोर सात-आठ टक्के ताणला जातो, म्हणजे वीस मीटरला दीड मीटर. मी ओढतोय, दोर लांबतोय, पाय जमिनीवरच! मामा बिडी ओढत शांतपणे बघत होते. झाडाला कमी ताणाचा दोर लागतो, अकरा ते तेरा मिलिमीटर जाडीचा.

हार्नेसचंही, म्हणजे कंबरेला-मांड्यांना बांधायच्या पट्ट्याचंही तेच. कड्यावरच्या हार्नेसमध्ये पंधरा मिनिटं लटकलो की मांड्यांना मुंग्या येतात. झाडावरच्या हार्नेसला सॅडल म्हणतात. त्याला कंबरेला आणि मांड्यांना रुंद गाद्या असतात, दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या, आणि पुढे एक आडवा दोर, ज्यावर मुख्य कडी इकडून तिकडे सरकते. त्यामुळे फांदीवर वाकून तिरकं काम करता येतं. तेव्हा नवा दोर, सॅडल, हनुवटीखाली पट्टा असलेलं हेल्मेट, आपोआप लॉक होणारे कॅरॅबिनर, म्हणजे दोर अडकवायच्या कड्या, असं सगळं घेतलं. एका बऱ्या सेकंडहँड स्कूटरचे पैसे गेले. बायकोला अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही.

मग बंगळुरूला झाडांचंच काम करणाऱ्या एका माणसाकडे चार दिवस राहून आलो. त्यातला अख्खा एक दिवस थ्रोलाइन फेकण्यात गेला. दोन मिलिमीटरची बारीक दोरी, तिच्या टोकाला तीनशे ग्रॅमची छऱ्यांची पिशवी. ती पायांमधून झुलवायची आणि बारा-पंधरा मीटरवरच्या नेमक्या बेचक्यातून पार करायची. मग त्या दोरीला बांधून खरा दोर वर ओढायचा. ऐकायला गोट्या खेळण्याइतकं सोपं वाटतं. माझी पिशवी पहिल्या दिवशी दोनदा अडकली, आणि एकदा तर मागेच गेली.

दुसरा दिवस गाठीचा. दोराला पकडून धरणाऱ्या गाठींपैकी प्रुसिक मला येत होती, इथे ब्लेक्स हिच शिकलो. दोराच्या शेपटानं दोराभोवती खालून वर चार वेढे घ्यायचे. मग शेपूट खाली आणायचं, दोराच्या मागून न्यायचं आणि खालच्या दोन वेढ्यांच्या आतून बाहेर काढायचं. शेवटी शेपटाला आठाची गाठ, म्हणजे ते सुटून येत नाही. वजन टाकलं की गाठ आवळते, बोटांनी वरून दाबली की सरकते. मजेत भराभर खाली यायला लागलो की त्या वेढ्यांवर काचेसारखी चकाकी येते. ते दोराचे धागे वितळलेले असतात, तेवढा तुकडा कापून टाकायचा.

या पद्धतीत दोर फांदीवरून जाऊन परत आपल्याच सॅडलला येतो, त्यामुळे चढताना तो फांदीवरून सतत सरकत राहतो आणि सालीला करवतीसारखा घासतो. म्हणून बेचक्यात दोन कड्यांचा एक पट्टा बसवतात आणि दोर त्या कड्यांतून घेतात. मामा हे ऐकून म्हणाले, "झाडाची साल वाचवायला पट्टा? बरंय." ते थट्टा करतायत का, हे मला कळलं नाही.

चिंचेवर महिनाभर सराव झाला आणि माझी कॉलर ताठ झाली. मग शेजारच्या जांभळावर दुसरी पद्धत करून बघायची ठरवली. हिच्यात दोर वरच्या फांदीवरून टाकून त्याचं एक टोक खाली बुंध्याला बांधायचं आणि दुसऱ्या टोकावरून जुमार, म्हणजे दोरावर फक्त वरच सरकणारी पकड, लावून सरळ चढायचं. कड्यावर केलंय तसंच, म्हणून मला ती जवळची वाटली. मामा म्हणाले, "जांभळावर नको भाऊ. चिंच वाकंल, पण मोडणार नाही. जांभूळ न सांगता जातं, शेवग्यासारखं."

मी फांदी बघितली, मांडीएवढी होती. चढलो.

साधारण पाच मीटरवर असताना वर कट्ट झालं. आवाज मोठा नव्हता, सुपारी फोडल्यासारखा. दोर फांदीच्या खालच्या बेचक्यात घसरला आणि मी तीनेक फूट खाली येऊन लोंबकळलो. फांदी पूर्ण तुटली नव्हती, म्हणून मी हे लिहितोय. छातीतली धडधड कानात ऐकू येत होती. मामा उठून उभे राहिले होते, पण ओरडले नाहीत. "घाई करू नको. हळू ये खाली."

खाली येऊन हिशेब मांडला. माझं वजन ऐंशी. दोराच्या ज्या बाजूला मी, तिच्यावर ऐंशी. आणि मला तोलून धरायला बुंध्याला बांधलेल्या बाजूवरही साधारण तेवढाच ओढ. म्हणजे फांदीवर जवळजवळ एकशे साठ किलो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आठ वर्षं कातळातल्या बोल्टला लटकून सवय अशी लागली होती की वरचा आधार म्हणजे आधार, त्याचा विचार करायचा नसतो. फांदीला वय असतं, तिच्यात पोकळी असते, आणि ती कुठल्या झाडाची आहे यावरही सगळं बदलतं. त्यानंतर मी मामांच्या मागे मागे हिंडलो. ते बुंध्यावर कोयत्याची मूठ आपटून कान लावायचे. भरीव असेल तर टणक वाजतं, आत ढोली असेल तर भद्द. बुंध्याजवळ अळंब्या उगवल्या असतील तर झाड आतून कुजतंय असं समजून वर जायचंच नाही. आणि आता दोर टाकला की चढण्याआधी दोघंजण त्याला लटकून झोके घेतो.

सोसायटीचं काम या मे महिन्यात केलं. आधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज, फोटो, पाहणी, परवानगी. झाड आपल्या आवारात असलं तरी १९७५ च्या झाडांच्या कायद्यामुळे परस्पर कोयता चालवता येत नाही, हे काकांना पटवायलाच दोन मीटिंगा गेल्या. फांदीजवळून सोसायटीची वीजवाहिनी जाते, म्हणून महावितरणकडून तेवढा वेळ पुरवठा बंद करून घेतला. आणि दुर्बिणीनं सगळं झाड धुंडाळलं, आग्यामोहोळासाठी. दोराला लटकलेल्या माणसाला पळता येत नाही.

खाली मामा होते. मी वर दोन ठिकाणी बांधलेलो: एक मुख्य दोर, दुसरी खोडाभोवतीची पोलादी गाभ्याची फ्लिपलाइन. करवत चालवायची तर दोन्ही हव्यातच. चेनसॉ मी अजून झाडावर नेत नाही. वाकड्या पात्याची हातकरवत, ओढताना कापणारी, तीच वापरतो.

फांदी कापताना आधी खोडापासून फूटभर पुढे खालून एक चिरा, मग टोकाच्या दिशेनं थोडं पुढे वरून काप, म्हणजे ती साल सोलत खाली येत नाही. उरलेला खुंट शेवटी, फांदीच्या मुळाशी गळपट्टीसारखा फुगवटा असतो त्याच्या बाहेरून. मामांची सवय खोडालगत गुळगुळीत कापायची. काका स्वतः बागायतदार, खालून ओरडले, "बोर्डो पेस्ट लाव रे त्याच्यावर!" द्राक्षाच्या छाटणीनंतर लावतात तशी. मी नाही लावली. अ‍ॅलेक्स शायगो नावाच्या अमेरिकन संशोधकानं १९७० च्या दशकात खोडं उभी चिरून दाखवलं, की झाड जखम भरून काढत नाही, तिच्याभोवती भिंत घालतं. ती भिंत त्या फुगवट्यातूनच उभी राहते, वरून लेप लावून कुजणं थांबत नाही. एवढं वरून ओरडून सांगणं शक्य नव्हतं, म्हणून "नंतर!" म्हणालो.

मोठी फांदी मात्र मामांनी उतरवली. तिचा दोर त्यांनी बुंध्याला तीन वेढे दिला आणि एका हातानं इंच इंच सोडत ती दोन गाड्यांच्या मधोमध आडवी ठेवली. सोसायटीनं टाळ्या वाजवल्या, त्यांनाच.

उतरताना माझ्याकडून करवतीचं टोक दोराच्या लोंबत्या शेपटीला लागलं. ताणलेला असता तर पार झाला असता. वरची विणलेली खोळ फाटून आतला पांढरा गाभा दिसत होता, टोकापासून सहाएक मीटरवर. दोर तिथेच कापला. मामांनी सहा मीटरचा तुकडा उचलला, दोन्ही हातांनी ओढून बघितला आणि विचारलं, "हा टाकणार?" नवा असताना बावीस किलोन्यूटन, म्हणजे दोन टनांच्या वर भार झेलणारा दोर तो. आता त्यांच्या गाईला दावं आहे.