पन्हाळ्यावर शंख सापडेल का?

माझ्या टेबलावर चुनखडीचा एक पिवळट तुकडा पडलेला असतो. त्यात समुद्री गोगलगायींचे शंख गच्च रुतलेत. घरी येणारा माणूस चहाच्या आधी तो उचलतो आणि विचारतो, "सर, असलं काय आपल्या पन्हाळ्यावर, जोतिबाला गावंल काय ओ?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो : नाही गावायचं.

हा तुकडा कच्छचा. त्यातला शंख टरिटेला जातीचा, म्हणजे उथळ समुद्राच्या गाळात राहणारी गोगलगाय. ती मेली की शंखात चिखल भरतो आणि त्याचा दगड होतो. मूळ कवच पुढे पाण्यात विरघळतं. कधी त्याच्या जागी कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज, बसतं, कधी जागा पोकळच राहते. म्हणून माझ्या तुकड्यात एका शंखावर बारीक कंगोरे स्पष्ट दिसतात, तर शेजारचा अगदी गुळगुळीत, उपसून काढलेल्या स्क्रूसारखा, भोवती पोकळी. नवखा माणूस या दोन जाती समजतो. एकच आहे ती. गुळगुळीत दिसतो तो नुसता आतला भराव.

आपला काळा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेला लाव्हा. तिथे समुद्राचा तळच नव्हता, शंख येणार कुठून? पन्हाळ्याच्या माथ्यावरचा जांभाही त्याच दगडाची झीज होऊन झालेला. गंमत म्हणजे सगळ्यांना शंख जास्त जुना वाटतो. माझा शंख आहे साधारण २ कोटी वर्षांचा. कच्छमध्ये हे थर लाव्हाच्या वर आहेत, खाली नव्हेत. नागपूरकडे लाव्हाच्या दोन थरांमध्ये गोगलगायी मिळतात खऱ्या, पण त्या तळ्यातल्या, गोड्या पाण्याच्या.

मग लोक पिशवीतून आणतात ते काय? बहुतेक वेळा काळ्या दगडातला पांढरा गोळा. लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले, मागाहून त्या पोकळ्यांत झिओलाइट नावाचं स्फटिकी खनिज, गारगोटी किंवा कॅल्साइट साचलं. लिंबू पिळून फेस आला म्हणून शंख समजून हरखू नका, शंखासारखाच कॅल्साइटलाही फेस येतो. वेटोळं बघा. मधोमध उभा दांडा आणि त्याभोवती सलग फिरत गेलेली पोकळी असेल तर गोगलगाय. आत पडदे घालून कप्पे केलेले दिसले तर तो अमोनाइट, समुद्रातला एक नामशेष प्राणी, शाळिग्रामात असतो तो. त्याचं नातं ऑक्टोपसशी, गोगलगायीशी लांबचं. यातलं काहीच नसेल तर तो बुडबुडाच. तरी घेऊन या. चांगला झिओलाइट मला शंखाइतकाच आवडतो.