कमरेला बांधलेला माग

माझी भाची कंपनीच्या कामासाठी मेक्सिकोला गेली होती. सुट्टीच्या दिवशी तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात फिरताना तिनं एक फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "मावशी, ही आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातली दिसते की नाही?"

फोटोत मातीची एक बाई. खाली बसलेली, समोर झाडाचा खुंट, खुंटावर एक पक्षी बसलाय. खुंटापासून बाईच्या मांडीपर्यंत ताणलेला माग. मी फोटो मोठा करून करून बघितला. विणकराच्या घरातली आहे मी, माग दिसला की आधी ताणा, म्हणजे उभे धागे, कुठं बांधलाय हेच बघते. एक टोक खुंटाला. आणि दुसरं? दुसरं बाईच्याच कमरेला, पट्ट्यानं. ती मागं रेलली की ताणा कडक, पुढं झुकली की सैल. म्हणजे अर्धा माग ती स्वतःच.

आमचा खड्डा माग होता. नायना, म्हणजे माझे वडील, खड्ड्यात पाय सोडून बसायचे, दाबायच्या पावड्या पायाखाली, आडवा धागा नेणारा धोटा हातात. आता तो खड्डा बुजवून त्यावर फरशी आहे नि फरशीवर दिवाण. पाहुणे त्यावर बसून चहा पितात.

ही बाई माया लोकांची, मेक्सिको-ग्वाटेमालाकडच्या जुन्या संस्कृतीतली. मेक्सिकोच्या कांपेचे किनाऱ्याला लागून एक छोटं बेट आहे, तिथल्या अशा मूर्ती प्रसिद्ध आहेत. बेटाचं नाव इंग्रजीत वाचलं तेव्हा मला वाटलं, जैन लोक तिकडे कधी गेले? मग कळलं, स्पॅनिशमध्ये त्या ज चा ह होतो. हाइना. काळ साधारण इ. स. ६०० ते ९००, म्हणजे आपल्याकडे वेरूळचं कैलास खोदलं गेलं तेही त्याच काळात. मूर्ती बहुतेक वीतभर किंवा त्याहून लहान. काही साच्यातून काढलेल्या, काही हातानं घडवलेल्या, कित्येकींत दोन्ही. कुंभाराचं चाक त्यांच्याकडे नव्हतंच. राजे आहेत, चेंडू खेळणारे गडी आहेत, बुटके आहेत, फुलातून उगवणारा माणूसही आहे. काहींवर अजून निळा रंग टिकून आहे. नीळ आणि एक खास पांढरी माती एकत्र तापवून तो करत. तेराशे वर्षं टिकलेला रंग! पहिल्या धुण्यात अख्खी बादली लाल करणारी चादर वापरलेल्या माणसानं यावर काय बोलावं.

या मूर्ती सापडल्या त्या थडग्यांत. मेलेल्याच्या हातांत नाहीतर छातीवर ठेवलेल्या. हे अम्माला सांगितलं तर ती म्हणाली, "मेल्यावर पण माग? सुटका नाही म्हण की."

मला मात्र वेगळंच टोचत होतं. मायांमध्ये विणणं बाईचं काम. विणकाम नि बाळंतपण एकाच देवीकडे, ग्वाटेमालात आणि चियापासमध्ये बाया आजही असाच पट्टा कमरेला बांधून विणतात. आमच्या घरी विणकर म्हणजे नायना. अम्मा पहाटे उठून रहाटावर कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. कांडी नसली तर धोटा रिकामा, धोटा रिकामा तर माग बंद. दुपारी तेंदूची पानं कापून बिड्या वळायची. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय 'विणकर' नि आईचा 'घरकाम' असं मीच लिहिलंय, सुवाच्य अक्षरात, दरवर्षी.

गणपतीसाठी आणलेल्या शाडूतला गोळा उरला होता. म्हटलं, आपण अम्माची मूर्ती करू. आणि करायचीच तर त्यांच्यासारखी पोकळ, शिट्टीवाली. त्यातल्या पुष्कळ मूर्ती शिट्ट्या आहेत, फुंकलं की वाजतात. काहींत गोळ्या घातलेल्या, त्या खुळखुळतात. लहानपणी गड्ड्याच्या जत्रेतून आणलेली मातीची चिमणी मी दोन दिवसांत फोडली होती, पण ती वाजायची कशी हे लक्षात होतं असा माझा समज. दोन रात्री भोकाचा कोन बदलत बसले. वाजली नाही. फुस्स. नुसती हवा. शेवटी भोक बुजवलं नि अम्मा भरीव केली, जी ती आहेच.

चेहरा मला जमत नाही. अंबाडा जमला, पदर खोचलेला जमला, रहाटाचं चाक तर फारच छान. वाळायच्या आत अम्मापुढं नेऊन ठेवली. तिनं चष्मा लावला. बराच वेळ काही नाही.

"रहाट उलट्या हाताला लावलास."

बघितलं तर खरंच. चाक तिच्या डाव्या बाजूला. उजव्या हातानं फिरवायचं नि डाव्यानं धागा धरायचा, हे मी जन्मभर बघितलेलं. पण बघितलं होतं समोर बसून. चाक उपटून उजवीकडे लावलं.

"आणि कांडी कुठाय?"

कांडी विसरले होते. चाती, म्हणजे कांडी जिच्यावर बसते ती रहाटाची काडी, तशीच उघडी. मी काही करायच्या आत अम्मानं शाडूचा चिमटाभर तुकडा घेतला, बिडी वळतात तसा दोन बोटांत वळला, नखानं टोक दाबलं आणि चातीवर बसवला.