तुम्ही विचारलंत म्हणून : नाशिककर असून मिसळ का खात नाही?

माझ्या पोटात रक्त वाहिलं होतं, ते मिसळीने झालं नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं कोणी वाचेल न वाचेल.

रविवारी सकाळी साडेनऊला मखमलाबादकडच्या एखाद्या मळ्यात पंधराजणांचा घोळका बसलेला असतो आणि त्यात मी एकटा पापड मोडत असतो. नवीन माणूस असला की विचारतोच, ''काय हो, नाशिकचे ना तुम्ही?'' मग ज्याला माहीत आहे तो ज्याला माहीत नाही त्याच्या कानाला लागतो. ''त्यांचं मागे झालं होतं ना ते. मिसळच भोवली.'' मी समोरच बसलेलो असतो. ऐकू येतं मला. पोटाचा आजार झाला होता, कानाचा नाही.

अंबडची कंपनी, मेंटेनन्स, तीन पाळ्या, सिडकोतलं घर, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते सांगतो.

जुलै २०१८. रविवारी मिसळ खाल्ली होती, हे खरं. काळ्या मसाल्याची, दोनदा रस्सा मागून घेऊन. सोमवारी सकाळी शौचाला काळं झालं. काळं म्हणजे नुसतं गडद नव्हे. रस्त्याचं काम चालू असताना डांबर ओततात तसं, चिकट आणि चकचकीत, आणि वास असा की दोन बादल्या ओतूनही जाईना. मी उभा राहून बघितलं आणि निदान केलं : काळा मसाला. स्वतःवर इतका विश्वास मी नोकरीत कधी दाखवला नाही. खरं तर जठरात किंवा त्याच्या जरा पुढे रक्त वाहिलं की ते पचत पचत खाली येतं आणि असं डांबरासारखं होतं. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, पण मी लोहाच्या गोळ्या घेत नव्हतो. मसाल्याने असं डांबर होत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि विचारायची लाज वाटली. बायकोला काय सांगणार, कुठला रंग आणि कसला वास?

मंगळवारी दुसरी पाळी. कॉम्प्रेसरच्या वरच्या प्लॅटफॉर्मला अकरा पायऱ्या आहेत, रोज वीस वेळा चढायचो. त्या दिवशी सातव्या पायरीवर कठडा धरून थांबलो. छातीत धडधड, कानात शिट्टी, मानेवर गार घाम. खालून हेल्पर म्हणाला, ''साहेब, ओठ पांढरे पडलेत तुमचे.'' मी म्हटलं, जेवलो नाही ना नीट. खाली आलो, चहा मागवला आणि पाठ ठणकत होती म्हणून त्या चहाबरोबर पाकिटातली एक गोळी घेतली.

हे शेवटचं वाक्य मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आत रक्त वाहत असताना मी वरून आणखी एक टाकली.

साडेआठच्या सुमारास कंपनीच्या बाथरूममध्ये पडलो. दार आतून लावलेलं होतं, ते पोरांनी तोडलं. दवाखान्यात हिमोग्लोबिन ६.२ निघालं. रात्रीतून रक्ताच्या तीन पिशव्या चढवल्या. सकाळी दुर्बीण घालायच्या आधी घशात कडू फवारा मारला, तोंडात प्लॅस्टिकची कडी अडकवली, डाव्या कुशीवर वळवलं. लाळ गळत होती आणि सिस्टर कापसाने पुसत होती, लहान बाळाची पुसतात तशी. पण मला सगळ्यात लख्ख आठवतो तो त्याच्या आधीचा प्रश्न. डॉक्टरांनी विचारलं, ''दुखण्याच्या गोळ्या घेता का?'' मी म्हटलं, ''नाही.'' त्यांनी परत विचारलं, ''पाठ, गुडघे, डोकं, कशासाठीच नाही?'' मी म्हटलं, ''कधीतरी.'' बायको पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. ती काही बोलली नाही. खुर्चीवर माझी पँट होती, तिच्या खिशातून पाकीट काढलं आणि पैशांच्या मागच्या कप्प्यातली स्ट्रिप डॉक्टरांच्या हातात दिली. दहातल्या आठ जागा फुटलेल्या. ''ही शनिवारी आणलीय,'' ती म्हणाली.

मी खोटं बोललो नव्हतो, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावत होतो. डायक्लोफिनॅक, म्हणजे ती दुखण्याची गोळी, माझ्या लेखी औषध नव्हतंच. औषध म्हणजे डॉक्टर लिहून देतात ते. ही तर मेडिकलमध्ये ''पाठीची द्या'' म्हटलं की मिळायची, सुट्या पैशांच्या बदल्यात मिळणाऱ्या चॉकलेटसारखी. वर्षभर रोज एक, पावसाळ्यात दोन. जळजळ झाली की गुलाबी पातळ औषधाचं एक झाकण. जळजळ थांबायची, म्हणजे बरं झालो. आता वाटतं, ते झाकण म्हणजे ऑइल लेव्हलचा लाल दिवा लागला की त्याची वायर कापणं होतं. आमच्या खात्यात एखाद्या पोराने असं केलं असतं तर मी त्याला गेटबाहेर काढला असता.

''पण तुम्ही उपाशीपोटी घेत होता ना?'' असं माझे मेहुणे आजही म्हणतात. जेवून घेतली की चालते, अशी समजूत आहे. भाऊजी, ती गोळी जठराला नुसती वरून टोचत नाही. जठराच्या अस्तराची राखण करणारं एक रसायन शरीर तयार करतं, ते ती रक्तातून जाऊन कमी करते. म्हणून इंजेक्शन घेतलं तरी तो धोका राहतोच. भरल्या पोटी घेतली तर जळजळ कमी वाटेल, राखणदार परत येत नाही.

दुर्बिणीत लहान आतड्याच्या सुरुवातीला व्रण, म्हणजे अल्सर, सापडला. जठरातला कण काढून तपासला, त्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू निघाला. म्हणजे आरोपी दोन. हा जंतू ज्यांच्या पोटात असतो त्यांच्यात बहुतेकदा लहानपणीच शिरलेला असतो, आपल्याकडे तर फारच जणांच्या, आणि त्यातल्या बहुसंख्यांना जन्मभर काही करत नाही. व्रण तिखटाने आणि काळजीने होतो असंच आधी डॉक्टरही मानत होते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ च्या सुमारास जंतूकडे बोट दाखवलं, तर कोणी ऐकेना. १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जंतूंचं पाणी स्वतःच पिऊन टाकलं आणि जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. हे मी मळ्यातल्या त्या बैठकीत एकदा रंगवून सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि एकजण म्हणाला, ''तरी पण मिसळ जरा कमीच बरी.''

जंतू आणि गोळ्या एकत्र आले की धोका नुसत्या बेरजेपेक्षा वाढतो. माझ्यात कोणाचा वाटा किती, हे कोणीच सांगू शकत नाही. मी गोळ्यांना धरून बसतो, कारण त्या मी घेतल्या होत्या. जंतू काही मी मागवला नव्हता.

आता तुमचा दुसरा प्रश्न. व्रण तर भरला, मग आता का खात नाही?

चौदा दिवस दोन अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारी गोळी घेतली. नंतर तपासणीत जंतू गेलेला निघाला. पण त्या अँटिबायोटिकला फक्त वाईटच जंतू मारा असं सांगता येत नाही. आतड्यातली बाकीची वस्तीही उठते. पुढचे कितीतरी महिने पोट संध्याकाळपर्यंत ढोलासारखं. आणि ती आम्लाची गोळी मला दोन महिने सांगितली होती, मी तीन वर्षं घेतली. बंद केली की चौथ्या दिवशी अशी आग व्हायची की वाटायचं, व्रण परत आला. बरीच वर्षं घेऊन एकदम थांबवली की जठर काही दिवस उलट जास्तच आम्ल बनवतं. हे कळेपर्यंत तीन वर्षं गेली. तोवर बी-१२ जीवनसत्त्व खाली आलेलं, पायांना मुंग्या. शेवटी डॉक्टरांना विचारून दिवसाआड करत करत सोडली. काहींना ती गोळी कायमची लागते, त्यांनी माझं ऐकून सोडू नये. मी माझं सांगतोय.

मधल्या काळात मीही शहाणा झालो होतो. फायबर खा म्हणतात, रोज किमान २५ ग्रॅम. मग मी एका सोमवारी सुरू केलं : सकाळी वाटीभर कच्ची मोड आलेली मटकी, दुपारी सॅलड, रात्री परत मटकी. गुरुवारी शर्टाचं खालचं बटण लागेना. मटकी, कांदा, लसूण, पावातला गहू, यांत काही साखरा अशा असतात की लहान आतड्याला त्या पचवता येत नाहीत. त्या मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जंतू त्यावर जेवतात, त्याचा वायू होतो. धडधाकट माणसाला हे चांगलंच, जंतूंना खाऊ मिळतो. माझ्यासारख्या बिघडलेल्या, नाजूक झालेल्या आतड्याला तेवढाच वायू दुखतो. आता मिसळीत काय असतं ते तुम्हीच मोजा. तिखट राहिलं बाजूला, मटकी, कांदा, लसूण आणि पाव, सगळे एका ताटात, वर फरसाण.

हळूहळू जमलं. भाकरी आणि शिजवलेली भाजी, कडधान्य भिजवून ते पाणी फेकून मऊ शिजवलेलं, आधी चमचाभर आणि मग अर्धी वाटी. इसबगोल भरपूर पाण्याबरोबर, कमी पाण्यात घेतलं तर उलट दगड होतो. दुपारी ताक. चहा दहावरून तीनवर. प्रोबायोटिकच्या, म्हणजे चांगल्या जंतूंच्या, महागड्या कॅप्सूलही घेतल्या, दोन पाकिटं संपली, मला फरक कळला नाही.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर याच काळात कंपनीने मला जनरल शिफ्टला आणलं. वीस वर्षांनी मी रात्री झोपायला लागलो. पहाटे तीनला वडापाव आणि सकाळी आठला झोप, हे थांबलं. आतड्यालाही दिवस-रात्र कळते. त्यामुळे भाकरीने झालं, इसबगोलाने झालं की झोपेने, ते मला सांगता येत नाही. तुम्ही ''नेमकं काय केलंत'' विचारता तेव्हा मी भाकरी सांगतो, कारण पाळी बदलून घ्या असं कोणाला सांगणार?

२०१८ चा तो मी समोर आला तर त्याला झापायची माझी पूर्ण तयारी आहे. पण तो ऐकणार नाही. तो म्हणेल, ''पाठ मोडत होती, सुट्टी टाकली की पैसे कापायचे, पोराची फी भरायची होती. गोळी तेवढ्या पैशांत आठ तास उभं करायची. तुझ्याकडे दुसरं काय होतं, सांग.'' फिजिओथेरपी, मी म्हणेन. तो हसेल. मी त्या वयात हसलोच असतो.

म्हणून मला ''काय खाऊ'' विचारायला येता तेव्हा मी आधी दुसरंच विचारतो, त्याने लोक चिडतात. पाकिटात कुठली स्ट्रिप आहे? मेडिकलवाल्याने दिलेलं अँटिबायोटिक दोन दिवस घेऊन सोडलंत का? वजन आपोआप उतरतंय का, रक्त कमी झालंय का, पोटदुखीने रात्री जाग येते का? आणि रंग कसला? यातलं काही असेल तर ओवा-हिंग राहू द्या, डॉक्टरांकडे जा, आणि ते विचारतील तेव्हा ''कधीतरी'' म्हणू नका.

बाकी, डॉक्टरांनी मला मिसळ खायला मनाई केलेली नाही. ''झेपेल तेवढी खा,'' एवढंच म्हणाले होते. हे मी बैठकीत सांगत नाही. मनाई आहे म्हटलं की विषय मिटतो. भीती आहे म्हटलं तर पंधराजण समजूत काढायला बसतील, आणि मिसळ त्यांची गार होईल.

गेल्या रविवारी पोराच्या ताटातल्या रश्श्यात पावाचा कोपरा बुडवून खाल्ला. कोणी बघितलं नाही, पोराने बघितलं. तो काही बोलला नाही, वाटी थोडी माझ्याकडे सरकवली. मी पापड घेतला.

सोमवारी सकाळी वाकून बघितलं. रोजच बघतो.