तो जळका फ्लॅप

स्टारशिपचा, म्हणजे इलॉन मस्कच्या स्पेसएक्स कंपनीच्या महाकाय रॉकेटचा विषय निघाला की जो तो बूस्टर, म्हणजे त्याचा खालचा टप्पा, पकडल्याचाच व्हिडिओ दाखवतो. १३ ऑक्टोबर २०२४, पाचवी चाचणी, सत्तर मीटर उंचीचा बूस्टर आगीवर तोल सांभाळत खाली आला आणि उड्डाणाच्या टॉवरच्या दोन यांत्रिक हातांनी त्याला अलगद धरलं. भारीच होतं ते, मी पण खुर्चीतून उठून ओरडलो होतो, नाही म्हणत नाही. पण आवडती चाचणी कोणती असं कुणी विचारलं ना, तर मी त्याच्या आधीची सांगतो. चौथी. ६ जून २०२४ ची, जळक्या फ्लॅपवाली. फ्लॅप म्हणजे यानाच्या कडेचा हलणारा, पंखासारखा भाग.

आधीचं थोडक्यात सांगतो. खाली सुपर हेवी बूस्टर, त्याला ३३ रॅप्टर इंजिनं, वर शिप म्हणजे अवकाशात जाणारं यान, त्याला ६, दोन्ही मिळून १२० मीटरच्या आसपास आणि अंग सगळं स्टेनलेस स्टीलचं. उडतं टेक्सासच्या दक्षिण टोकाला, बोका चिकाच्या किनाऱ्यावरून. एप्रिल २०२३ मध्ये पहिली चाचणी झाली तेव्हा उड्डाणाच्या पॅडखालचं काँक्रीटच उखडून उडालं, वर गेल्यावर रॉकेट गिरक्या घ्यायला लागलं आणि चारेक मिनिटांत खेळ खल्लास. दुसरीत ३३ च्या ३३ इंजिनं चालली पण बूस्टर पण गेला आणि शिप पण. तिसरीत शिप अवकाशात पोचलं, आणि परत हवेत शिरताना लोळत लोळत गेलं ते गेलंच. त्यामुळे चौथीकडून माझी अपेक्षा काय, तर ह्या उष्णतेतून एकदा बाहेर ये बाबा, बस.

आता ही उष्णता येते कुठून, तर आपण सगळे पटकन म्हणतो घर्षण, मी पण कित्येक वर्षं तेच समजत होतो. खरं मुख्य कारण वेगळंय. ताशी २६ हजार किलोमीटरच्या वेगाने एवढं मोठं धूड आलं की समोरच्या हवेला बाजूला सरकायला वेळच मिळत नाही, ती दाबली जाते आणि दाबल्यामुळे इतकी तापते की तिचा प्लाझ्मा होतो. तो गुलाबी-जांभळा उजेड दिसतो ना, तोच. त्याच्यासमोर शिप पोट पुढे करून पडतं, आणि पोटावर उष्णता अडवणाऱ्या सुमारे १८ हजार काळ्या षटकोनी टाइल्स. पण फ्लॅप हलायला हवेत, म्हणजे बिजागरी आली, बिजागरी आली म्हणजे फट आली, आणि प्लाझ्माला फटच पाहिजे असते.

आणि हे सगळं लाइव्ह दिसत होतं! पूर्वी परत येणाऱ्या यानाचा संपर्क ह्याच टप्प्यात तुटायचा, कारण भोवती प्लाझ्माचं आवरण. हे शिप एवढं मोठं की पाठीमागच्या बाजूला मोकळी जागा राहते आणि तिथून सिग्नल वर स्पेसएक्सच्याच स्टारलिंक उपग्रहांकडे जातो.

तर आधी फ्लॅपच्या कडेला एक ठिणगी दिसली, मग तुकडे सुटायला लागले, मग बिजागरीजवळचं स्टील लालभडक होऊन चक्क वितळताना दिसलं, आणि मला एकदम परत येताना हवेत तुटलेलं नासाचं कोलंबिया शटल आठवलं. १ फेब्रुवारी २००३, कल्पना चावला आणि बाकीचे सहा जण. तिथेही डाव्या पंखाच्या कडेला पडलेल्या भोकातूनच गरम वायू आत शिरला होता. ह्या शिपमध्ये माणूस नव्हता हे माहिती असूनही पोटात गोळा आला राव. तेवढ्यात कॅमेऱ्याची काच तडकली, वर काळपट थर बसला, मी म्हटलं संपलं.

आणि तो फ्लॅप हलला. अर्धामुर्धा उरलेला, कडा झिजलेल्या, पण सांगितलं तसा हलला! शिप आडवंच खाली आलं, शेवटी उभं झालं, इंजिनं पेटली आणि हिंदी महासागरात हळूच टेकलं.

नंतरच्या आवृत्तीत पुढचे फ्लॅप आणखी बारीक केले आणि प्लाझ्माच्या थेट माऱ्यातून पाठीकडे सरकवले. पण गंमत बघा, हा बदल नीट तपासायलाच मिळेना. २०२५ च्या जानेवारीत सातवी आणि मार्चमध्ये आठवी, दोन्ही वेळा शिप वर जातानाच फुटलं, सातवीचे जळते तुकडे तर कॅरिबियनजवळच्या टर्क्स अँड कैकोस बेटांवरून जाताना लोकांनी बघितले आणि विमानांचे मार्ग बदलावे लागले. मे महिन्यात नववीत अवकाशात ताबा सुटला, जूनमध्ये एक शिप चाचणीच्या स्टँडवरच फुटलं. ऑगस्टमध्ये दहावी आली तेव्हा कुठे ते नवे फ्लॅप सगळी उष्णता सोसून खाली पोचले. शिपचं अंग नारिंगी झालं होतं, प्रयोग म्हणून लावलेल्या धातूच्या टाइल्सचा गंज पसरून. बूस्टर पकडला त्याला बरोबर वर्ष झालं त्या दिवशी, १३ ऑक्टोबर २०२५ ला, अकरावी, तीही व्यवस्थित.

मस्कच्या तारखांवर मी विश्वास ठेवत नाही आणि प्रत्येक स्फोटानंतर 'भरपूर डेटा मिळाला' हे ऐकून कंटाळाही येतो. पण बूस्टरचं म्हणाल तर स्पेसएक्सच्याच फाल्कन ९ रॉकेटचा पहिला टप्पा २०१५ पासून उतरतोय, तो प्रश्न बऱ्यापैकी सुटलाय. अडकलंय ते वरच्या टप्प्यावर, म्हणजे शिपवर. नासाचं शटल परत यायचं, पण प्रत्येक वेळी टाइल्स तपासण्यात, बदलण्यात आठवडे-महिने जायचे. इथे तर अकराव्या चाचणीपर्यंत एकही शिप दुसऱ्यांदा उडालेलं नाही, काही फुटली, बाकीची समुद्रात संपली. त्यामुळे एखादं शिप टॉवरच्या हातांत आलं की टाळ्या वाजतीलच, मी पण वाजवीन, पण माझी नजर असणार ती त्यातल्या किती टाइल्स बदलाव्या लागल्या त्या आकड्यावर.