टीबी वाटला, निघालं भलतंच

संध्याकाळी चढणारा ताप, दुखणारा गुडघा आणि खोकला. एक्स-रेत फुप्फुसाभोवती थोडं पाणी. पुण्यात असं शाळकरी पोर आलं की आम्हा बालरोगतज्ज्ञांच्या डोक्यात आधी टीबी येतो, आणि यायलाच हवा. पण त्या तपासण्यांत काही मिळेना. मग आजींना विचारलं, घरी जनावरं?

‘शिरूरला शेरडं हायती की. सुट्टीत पोरगं रोज धारोष्ण दूध प्यायचं.’ शेळी व्याली तेव्हा जार (वार) उचलायलाही हाच पुढे!

रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत, ब्रुसेला वाढला. जनावरांच्या कच्च्या दुधातून, जारेतून माणसात येणारा हा जंतू. मुलांत त्याचा आजार बहुधा ताप आणि सांध्यांतून दिसतो. फुप्फुसात क्वचित, म्हणूनच निसटतो. थुंकीत जंतू सहसा सापडत नाही. शंका असेल तर लॅबला आधी कळवायचं, कारण कल्चर हाताळणाऱ्यांनाही तो लागू शकतो. औषधं दोन, एकत्र, किमान ६ आठवडे. लवकर थांबवली तर आजार उलटतो. ताप उतरला की गोळ्या बंद करायचा मोह मात्र घरोघरी.

धारोष्ण दुधाचं कौतुक मला कधीच पटलं नाही. आजी दूध उकळायला तयार झाल्या, पण शेळीवरचा आळ काही त्यांना मान्य नव्हता. ‘चांगली धडधाकट हाय ती.’ धडधाकट दिसणारी शेळीही दुधातून जंतू सोडू शकते, म्हणून पशुवैद्याकडून कळपाचं रक्त तपासून घ्यायला सांगितलं.